बद्द

त्या खोलीला नंबर नाही.
सहावीपर्यंत पांढऱ्या रंगात आकडे आहेत,
सातवीपाशी रंगवणाऱ्याचा डबा संपला असेल
किंवा त्याला ती खोली वाटलीच नसेल:
गुडघाभर ओटा, माणूस वाकून मावेल एवढी पोकळी,
आणि मागे डोंगर, होता तसा.

मी पुण्याहून सकाळच्या एसटीनं
जुन्नरला ठसे घ्यायला गेलो होतो.
बादलीत भिजवलेला कागद, लांब केसांचा ब्रश,
काजळीची शाई, कापडाची गादी.
अक्षरांवर ओला कागद थोपटायचा,
तापलेल्या पोराच्या कपाळावर पट्टी ठेवावी तसा,
मग वाट बघायची.
सुकला की तो आपणहून सुटतो. ओढायचा नाही.
एवढंच शिकलो बत्तीस वर्षांत.

लेखात कुणा धान्यवाल्याचं दान होतं.
सात खोल्यांचं लेणं आणि एक पोढी.
सतगभ.
चारही अक्षरं ठसठशीत,
पैसे मोजून घेतल्यासारखी.
मी खोल्या मोजल्या. पुन्हा मोजल्या.
सहा. आणि ही.

वहीत लिहिलं, ‘अपूर्ण. कारण अज्ञात.’
आमच्या वह्यांत हे वाक्य फार.
राजवट बदलली असेल, दुष्काळ पडला असेल,
घाटातला व्यापार आटला असेल.
आम्ही कारणं लांबून आणतो.

तेवढ्यात यमनप्पा कुसाळकर वर आला,
खात्यानं जाळीचं दार बसवायला पाठवलेला.
(वटवाघळांसाठी नाही,
बाटल्या घेऊन चढणाऱ्या पोरांसाठी.)
रविवारच्या बाजारात पाट्याला टाकी लावायचा,
मिक्सर आल्यापासून कंपाउंडचे दगड फोडतो.
धापा टाकत आधी पोढीतलं पाणी प्यायला,
मी ‘अहो, ते...’ म्हणेपर्यंत.
‘गोड आहे,’ म्हणाला.

मग बिननंबरी खोलीत शिरला,
भिंतीवरून तळवा फिरवला,
विकत घ्यायच्या बैलाच्या पाठीवरून फिरवतात तसा.
‘डावरा होता.’
कोण?
‘हा.’
बोटानं टाकीचे ओरखडे दाखवले.
‘शेजारच्या सहांत पाऊस इकडून पडतोय.
इथं तिकडून.’

कमरेचा हातोडा काढला.
ठण.
ठण.
ठण.
बद्द.
‘ऐकलं?’
मी नाही म्हणालो. त्यानं पुन्हा वाजवलं,
कुंभाराकडे मडकं घेताना वाजवावं तसं, बोटांच्या पेरांनी,
मग पुन्हा हातोड्यानं.
तिसऱ्या खेपेला मला कळलं. किंवा मी तसं म्हणालो.
‘आत भेग आहे. डोळ्याला नाही दिसायची.
याला हातात कळली.
अजून वीतभर गेला असता
तर छत घेऊन खाली बसला असता.’

ठेकेदाराच्या कागदावर भोकं चार.
यमनप्पानं तीन पाडली.
चौथ्या जागी खडूची फुली होती,
ती अंगठ्यानं पुसली.
बिलात? मी विचारलं.
‘बिलात चार.’
आणि ओट्यावर बसून तंबाखू मळू लागला.

धान्यवाल्याला कुणी सांगितलं असेल?
की त्यानं पायथ्यावरूनच हात जोडले
आणि सात खोल्यांचं पुण्य गाठीला बांधून
बैलगाडी वळवली?
सहा भिक्षू सहा खोल्यांत निजले.
सातवा
कुठं निजला असेल, हे इतक्या वर्षांत
आजच मनात आलं.
बहुतेक इथंच, यमनप्पा बसलाय तिथं,
पाय बाहेर. पावसाळ्यात घोट्यापर्यंत ओला.

कागद सुटला.
मी वहीतलं ‘कारण अज्ञात’ खोडलं.
दुसरं काही लिहिलं नाही.
बद्द कुठल्या रकान्यात लिहायचं?

मागच्या महिन्यात पुन्हा गेलो होतो.
दार आहे. कुलूप गंजलंय.
वारा सुटला की त्याचा खालचा एक कोपरा खुळखुळतो,
आणि सहलीची पोरं म्हणतात,
बघा, सरकारी काम.